हिडकलच्या पाण्यावर स्पिनेकर

गुरुवार

काकती मागे पडली, वंटमुरीचा घाट आला आणि मामांनी जीप दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागे ट्रेलरवर बावीस फुटी शिडाची बोट, तिच्यावर आडवी बांधलेली डोलकाठी आणि काठीच्या टोकाला लाल फडकं. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तरी मामांचा पाय काही हलला नाही. हत्तरगीला हायवे सोडला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती.

मामा नौदलातून निवृत्त झालेले. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, आजूबाजूच्या गावांत घरटी एक फौजी सापडतो. पण समुद्रावर नोकरी केलेला माणूस आमच्या नात्यात हा एकटाच. निवृत्तीनंतर त्यांनी गोव्यातून ही जुनी बोट आणली, अंगणात मांडव घालून तिची डागडुजी केली आणि मला नि माझ्या मावसभावाला शीड शिकवायला घेतलं. मेनसेल (डोलकाठीमागचं मोठं शीड) झालं, जिब (तिच्यापुढचं लहान शीड) झालं. ही फेरी फक्त स्पिनेकरसाठी.

वारा समोरून किंवा बाजूने असला की मेनसेल आणि जिब ही दोन शिडं पुरतात. तो पाठीमागून आला की जिब मेनसेलच्या आडोशाला सापडतं आणि नुसतं लोंबकळतं. बोट रेंगाळायला लागते. अशा वेळी नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या पुढे, बोटीच्या बाहेर एक मोठं, फुगीर, हलकं शीड उभं करायचं, तो स्पिनेकर. आमच्या बोटीचं मेनसेल आणि जिब मिळून दोनशे चौरस फुटांच्या आसपास भरतात. एकटा स्पिनेकर तीनशेच्या घरात. कापड पातळ नायलॉनचं, बारीक चौकटीच्या विणीचं, त्यामुळे छोटं भोक पडलं तर ते लगेच पसरत नाही. अख्खं शीड पिशवीत भरून एका हाताने उचलता येतं.

त्यासाठी हिडकल का, तर तिथला वारा. घटप्रभा चंदगडच्या बाजूने खाली येते आणि हुक्केरी तालुक्यात हिडकलला बांधाने अडते. राजा लखमगौडा जलाशय हे त्याचं कागदोपत्री नाव. भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट, साठा ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). पाणी बांधापासून पश्चिमेकडे लांबवर पसरलेलं आहे. फेब्रुवारीत आमच्या भागात सकाळी पूर्वेचा हलका वारा असतो, मग तासभर सगळं स्तब्ध, आणि दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा उतरतो. बेळगावकराला हा वारा सांगावा लागत नाही, उन्हाळ्यातली संध्याकाळ त्याच्यावरच निघते. म्हणजे सकाळी वारा पाठीवर घेऊन बांधाकडून वर जायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊनच परत यायचं. स्पिनेकर शिकणाऱ्याला याहून काय हवं! फक्त दुपारच्या फेरीत समोर बांध असतो, हे डोक्यात पक्कं ठेवायचं. परवानगीच्या कागदातही बांधापासून लांब राहायची अट होतीच.

बोट पाण्यात सोडण्याआधी मामांनी आम्हा दोघांना मान वर करायला लावली. काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या, त्यांच्या विजेच्या तारा खांबाखांबांवरून झोळ घेत पाण्यापर्यंत आलेल्या. आमची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, पंचवीस फुटांची. ती उभी करायची जागा तारांपासून लांब, आणि तिथून पाण्यापर्यंतच्या वाटेवर एकही तार आडवी नको. अशी जागा शोधण्यात दुपार गेली, आणि ती जावीच. आपल्याकडे जलाशयावर शिडाची बोट घेऊन जाणाऱ्याने कुठल्याही गाठीच्या आधी हे शिकावं, असं मला मनापासून वाटतं. बुडण्यापेक्षा हा धोका जास्त जवळचा आहे.

रात्री भाकरी, शेंगाची चटणी आणि भरली वांगी. मामांनी म्हादेई या नौदलाच्या शिडाच्या बोटीचा विषय काढला. कमांडर दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले, शिडाच्या बोटीतून एकट्याने हे करणारे पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी तीच बोट कुठेही न थांबता जगाभोवती नेली. गोव्यात बांधलेली आयएनएसव्ही म्हादेई. आणि म्हादई नदी उगवते कुठे? आमच्या खानापूर तालुक्यात. म्हादईच्या पाण्याच्या वादाबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्या नावाची बोट जगभर फिरून आली, हे आमच्याकडच्या किती पोरांना ठाऊक असेल?

शुक्रवार

सकाळी वारा होता, पण मामांनी बोटीवर पाऊल ठेवू दिलं नाही. स्पिनेकर चढवण्यातलं निम्मं काम तो पिशवीत भरताना होतं, हे त्यांचं ठाम मत, आणि दिवसाअखेर ते माझंही झालं.

काठावरच्या वाळल्या गवतात कुसळं. नायलॉनमध्ये एक कुसळ शिरलं की ते नखाने उपसून काढावं लागतं, म्हणून आधी सतरंज्या पसरल्या. शीड तिकोनी. वरच्या टोकाला फिरती कडी, खालची दोन टोकं एकमेकांसारखीच. एका कडेला लाल पट्टी, दुसऱ्या कडेला हिरवी. लाल डावीकडची, हिरवी उजवीकडची. वरचं टोक मावसभावाने धरलं. मी लाल पट्टी बोटांत घेऊन खालच्या टोकापर्यंत सरकत गेले, कुठे पीळ नाही ना बघत. मग पुन्हा वरून हिरवी पट्टी. दोन्ही कडा मोकळ्या आहेत याची खात्री झाल्यावर मधलं कापड मुठी मुठीने पिशवीत कोंबायचं. त्याला घडीबिडी काही लागत नाही. फक्त तिन्ही टोकं पिशवीच्या तोंडाशी बाहेर राहिली पाहिजेत, वरचं मध्ये आणि खालची दोन आपापल्या बाजूला. पट्टी चाचपायचा कंटाळा केला तर शीड वर जाताना मध्येच पीळ बसतो, वरचा भाग फुगतो, खालचा भाग फुगतो आणि कंबर आवळलेली राहते. मग वाऱ्यात ते सोडवत बसा.

मग दोऱ्या. वर ओढायची दोरी, हॅलयार्ड, ही डोलकाठीच्या टोकावर, काठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेच्याही वर बसवलेल्या कप्पीतून येते. खालच्या दोन टोकांना दोन दोऱ्या. वाऱ्याच्या बाजूचं टोक एका लांब दांड्याच्या तोंडात अडकतं. त्या दांड्याला पोल म्हणतात आणि त्या बाजूच्या दोरीला गाय. दुसऱ्या टोकाची दोरी ती शीट. दोन्ही दोऱ्या बोटीच्या मागच्या कप्प्यांमधून निघून सगळ्या तारांच्या आणि कठड्याच्या बाहेरून पुढे जातात. एक जरी दोरी तारेच्या आतून गेली तरी शीड वर गेल्यावर काही करता येत नाही. म्हणून मामांनी मला प्रत्येक दोरीवरून हात फिरवत नाळेपासून मागपर्यंत चालायला लावलं. डोळ्यांनी बघून भागत नाही. हात फिरवला की दोरी कुठून गेलीय ते हाताला कळतं.

पोलचं एक टोक डोलकाठीवरच्या कडीत, दुसरं बाहेर. त्याला वर उचलून धरणारी एक दोरी आणि खाली ओढून धरणारी एक. नुसत्या वरच्या दोरीवर सोडला तर झुळूक आल्याबरोबर पोल आभाळाकडे उडतो.

मी सवयीने शीटच्या शेवटाला आठाची गाठ मारायला घेतली.

"तिथं गाठ नको गं," मामा म्हणाले. "बाकी सगळ्या दोऱ्यांना मार. हिला आणि गायला नको."

"निसटली तर?"

"निसटायलाच पाहिजे. शीड आवरेना झालं की शेवटचा उपाय तोच. दोऱ्या सोडून द्यायच्या, शीड नुसतं झेंड्यागत फडफडेल. गाठ असली तर कप्पीत अडकतंय, मग बोट आडवी."

दुपारी पश्चिमेचा वारा आला, पण लहरी. तरी दिवस मावळायच्या आधी पहिल्यांदा चढवायचं ठरलं. वारा अगदी पाठीत न घेता थोडा तिरका घेतला. पिशवी जिबच्या आडोशाला, कठड्याला अडकवलेली. मी हॅलयार्डवर, मावसभाऊ गाय आणि शीटवर, मामा टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर. "चढव" म्हटल्यावर मधे थांबायचं नाही. मी हातावर हात टाकत ओढत गेले, जिबच्या मागून रंगीत कापडाची सुरळी वर सरकली, हॅलयार्ड क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) आवळला, मावसभावाने गाय ओढून टोक पोलच्या तोंडाशी आणलं आणि मग शीट. फाट्‌कन आवाज झाला आणि बोट पुढे सरकल्याचं पायांना कळलं. मग जिब उतरवलं.

शीटवर बसणाऱ्याची नजर वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर हवी. शीट हळूहळू सैल करत जायचं, ती कड शिडाच्या खांद्याशी जराशी आत वळेपर्यंत. वळली की थोडं ओढायचं. पुन्हा सैल. हे थांबतच नाही. शीट कायम आवळून ठेवलं तर शीड दिसायला छान फुगलेलं दिसतं, पण बोट मंदावते. पोलचा नियमही हातात बसायला वेळ लागतो. तो जाणवणाऱ्या वाऱ्याशी काटकोनात धरायचा, आणि त्याची उंची एवढी की खालची दोन्ही टोकं एका पातळीत येतील.

एका टेकाडाच्या आडोशाला वारा पडला आणि शीड मिटून पुढच्या तारेभोवती गुंडाळलं. मावसभाऊ ओढून काढायला धावला, मामांनी त्याला जागेवर बसवलं. गुंडाळलेला स्पिनेकर ओढला की आणखी आवळतो. त्यांनी बोट वळवून मेनसेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेतलं. मेनसेलवरून वाहणारी हवा आता उलट फिरते, आणि ज्या दिशेने वेढे बसले त्याच्या विरुद्ध दिशेने ते सुटायला लागतात. शेवटचा वेढा निघाला तेव्हा आम्ही दोघंही उठून उभे राहिलो होतो.

काठावर आलो तर मासे धरणारे एक अण्णा होडी बांधत होते. त्यांनी कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, "काय री अक्का, हे प्याराशूट पाण्यात कशाला आणलाय?" मामांनी त्यांना पिशवी उघडून दाखवली. त्यांनी कापड अंगठ्यात चोळून पाहिलं आणि उद्या जाळी कुठे लावणार ते न विचारता सांगितलं. त्या माहितीची किंमत शनिवारी कळली.

शनिवार

सकाळचा पूर्वेचा वारा गुळगुळीत. स्पिनेकर चढवून पश्चिमेकडे निघालो आणि सकाळभर एकच गोष्ट केली, जाइब. वारा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला घ्यायचा तर पोलही त्या बाजूला न्यावा लागतो, आणि ते काम पुढच्या डेकवर जाऊन करायचं. ते माझ्याकडे आलं.

डोलकाठीला पाठ टेकून, पाय फाकवून उभं राहायचं. मामा बोट नीट वाऱ्यापुढे आणतात, शीड दोन्ही बाजूंना सारखं पसरतं. पोलचं आतलं टोक डोलकाठीवरून काढायचं आणि शीडाच्या दुसऱ्या टोकाजवळच्या दोरीत अडकवायचं. क्षणभर पोल दोन्ही टोकांनी शिडालाच धरलेला, बोटीला कुठेच नाही. मग जुन्या बाजूचं तोंड उघडून ते टोक डोलकाठीच्या कडीत. या सगळ्या वेळात शीड फुगलेलं ठेवणं ही मागच्या दोघांची जबाबदारी. टिलरवरच्या माणसाने मेनसेलकडे बघायचं नाही, स्पिनेकरखाली बोट ठेवायची, एवढं एक त्याने केलं की पुढच्या माणसाच्या हातात पोल हलका येतो. बोट जरा वळली की तोच पोल छातीवर रेटतो. हळूहळू मला मामांकडे मागे वळून बघायची गरज राहिली नाही. पोलच्या वजनावरून कळायला लागलं की बोट सरळ आहे.

जेवणं उरकली. करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी, आमच्याकडे गोकाकचंच खायचं, आणि ते बोटीवर तर फार सोयीचं, हाताला तूप लागत नाही की ऊन लागून बिघडत नाही.

दुपारी अडीचच्या पुढे पाण्यावर पश्चिमेकडून काळपट रेघ आली. वारा. चढवण्याआधी मामांनी विचारलं, उतरवायचं कुठे? काठावर एक एकटं वडाचं झाड होतं. बांध तिथून चांगला लांब. त्या झाडाच्या रेषेत आलो की वारा कसाही असो, शीड खाली. चढवण्याच्या आधी उतरवण्याची जागा ठरलेली पाहिजे, याचं कारण पुढच्या तासाभरात समजलं.

वाऱ्यापुढे पळणाऱ्या बोटीत वारा कळतच नाही. वारा १२ नॉटचा, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. बोट ५ नॉटने त्याच दिशेला पळतेय. अंगाला लागतो तो फक्त ७ नॉट. टोपी उडत नाही, पाणी उडत नाही, बोलणं नीट ऐकू येतं, ऊन उबदार लागतं. आमच्या बोटीची पाण्यातली लांबी एकोणीस फूट. एवढ्या लांबीचा बुडीत सांगाडा पावणेसहा नॉटच्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे वारा वाढला तरी वेग फारसा वाढत नाही. वाढलेला वारा सगळा शिडावर आणि दोऱ्यांवर बसतो. आणि त्यातून बोट बाजूला वळली की आतापर्यंत लपलेला वारा एकदम अंगावर येतो. सातचे चौदा झाले तर वारा दुप्पट, पण शिडावरचा रेटा चौपट. तीनशे चौरस फुटांवर चौपट रेटा म्हणजे काय, ते हाताने धरून कळण्यातलं नाही.

म्हणून अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, मागे वळून पाण्याकडे बघायचं. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस जागोजाग दिसायला लागला की आमच्यासारख्या बोटीने स्पिनेकर उतरवायला घ्यावा.

मी पुढे टेहळणीला होते, कारण स्पिनेकरमागून टिलरवरच्या माणसाला समोरचं काही दिसत नाही. अण्णांनी सांगितलेल्या जागी थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगत होते, खाली जाळं. "मामा, डावीकडं घ्या," मी ओरडले. त्यांनी घेतलं, आणि तेवढ्यात मागून झुळूक आली. जाळ्यापासून दूर जाताना बोट वाऱ्याला थोडी तिरपी झालीच होती. ती कलंडली, एका बाजूचा कठडा पाण्याला लागला, सुकाणू निम्मं पाण्याबाहेर आलं आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे वळायला लागली. मामांनी टिलर पोटाशी ओढलेला, पण पाण्यात नसलेलं सुकाणू काय वळवणार?

"शीट सोड!"

मावसभावाने हात उघडला. दोरी सळसळत गेली, शीडाची बाहेरची कड मोकळी होऊन कडाकड वाजायला लागली आणि बोट उठून बसली. सुकाणूला पाणी मिळालं, मामांनी तिला पुन्हा वाऱ्यापुढे आणलं. दोरी कप्पीतून निसटली नव्हती, हात दीड हात उरली होती.

वड अजून बराच पुढे होता. "वारा वाढायलाय. उतरवूया," मामा म्हणाले, आणि तिथेच उतरवलं.

उतरवताना आधी जिब वर. मग बोट अशी ठेवायची की स्पिनेकर मेनसेलच्या आडोशाला येईल. मावसभावाने शीट बूमच्या (मेनसेलच्या तळाच्या आडव्या दांड्याच्या) खालून आत घेतली आणि कापडाचा कोपरा घट्ट पकडला. मग गाय पूर्ण सोडायची. शीड पोलपासून सुटून मेनसेलमागे निशाणासारखं जातं आणि त्यातला जीव निघतो. त्यानंतरच हॅलयार्ड, आणि तोही खालचा माणूस जेवढं कापड आत घेईल तेवढाच. भरभर सोडला तर शीड पाण्यात पडतं, पाण्याने भरतं आणि बोटीला नांगरासारखं मागे ओढतं. मी हॅलयार्ड विंचवर (दोरी गुंडाळायच्या चरकीवर) एक वेढा घेऊन सोडत होते, मावसभाऊ कवेत घेऊन केबिनच्या दारातून आत ढकलत होता. शेवटचा लाल-हिरवा गोळा आत गेला तेव्हा वडाचं झाड आमच्या बाजूला आलं.

नंतर जिबवर उलट जाताना खरा वारा अंगाला लागला. टोपी हातात धरावी लागली, नाळेवरून पाणी तोंडावर. हाच वारा मघाशीही होता.

रविवार

सकाळी फक्त चढव-उतार. पुन्हा तेच, मामा घड्याळ न बघता म्हणायचे, "आता खाली." कधी शीड छान चालू असताना, कधी जाइबच्या मध्येच.

अण्णांनी होडीतून हात करून हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराची दिशा दाखवली. धरणात बुडालेलं हे मंदिर उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. आम्ही तिकडे बोट नेली नाही. पाणी उतरताना कुठली भिंत, कुठला बुंधा पाण्याखाली वीतभर राहिलाय ते सांगता येत नाही, आणि कील (बोटीच्या तळाचं पातं) उचलता येत असला तरी सुकाणू खाली असतंच.

शीड काठावर दोरीला टांगून वाळवलं. ओलं नायलॉन पिशवीत राहिलं तर रंग एकमेकांत उतरतात आणि बुरशी धरते. हिरव्या पट्टीजवळ तारेच्या पिनेने बोटभर चीर पडली होती. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि तारांच्या सगळ्या पिना टेपने गुंडाळल्या.

परतीच्या वाटेवर वाद झाला तो पुढच्या शिडाचा. डिसेंबरात कारवारला जायचं आहे. मावसभावाला असिमेट्रिक (दोन्ही बाजू सारख्या नसलेला) स्पिनेकर हवा, ज्याचं एक टोक नाळेवरच बांधायचं आणि पोलची भानगड नाही. शिवाय त्याला एक लांब कापडी नळी असते. दोरी ओढली की नळी खाली सरकून शीड गिळते. दोघांनी फिरणाऱ्या बोटीला तेच बरं, हे मलाही पटतं. मात्र नेमका पाठीत वारा असेल तर ते मेनसेलमागे लपतं आणि नागमोडी जावं लागतं. आणि पोलवर शिकलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा जेवढी कळते तेवढी दुसऱ्या कशाने कळत नाही, म्हणून सुरुवात यानेच व्हावी या मताची मी आहे. मामांनी दोघांचंही ऐकून घेतलं. नळीचं कापड शहापूरच्या शिंप्याकडे टाकायचं ठरलं. माप शीडाच्या उंचीपेक्षा थोडं कमी, तोंडाला फायबरची कडी, आणि शिलाई आतल्या बाजूला नको, शीड तिथेच अडकतं.